साडेअकरा मीटर

जुनी वायर गेली तेव्हा
कुणी कंगवा जाळावा तसा वास घरभर पसरला.
चूक माझीच.
वेटोळ्यातली हवी तेवढी सोडवली,
उरलेली गुंडाळलेलीच ठेवली
आणि अर्धा तास रंधा चालवला सागवानी फळीवर.
आतली ऊब आतच कोंडली. प्लास्टिक वितळून
फेराला फेर चिकटला.

अच्युत म्हणाले, "आता पुरे हे सुतारकाम."
मी सुतळीचा गुंडा घेऊन निघाले.
स्वयंपाकघरातल्या पंधरा अँपियरच्या खटक्यापासून
मागच्या पायरीवरून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून,
पूर्वी स्कूटर उभी असायची त्या पत्र्याच्या शेडपर्यंत
नऊ मीटर.
दाराखालून चिरडायची नाही, वरून न्यायची, म्हणून दीड.
आणि एक मीटर मला
पाट उलटसुलट करताना हलायला.

महाराणी रोडवर मुर्तझाभाई म्हणाले,
"डेढ़ एमएम ले जाओ, घर में कौन-सी आटाचक्की चलानी है."
मी म्हटलं, अडीच. तीन कोअर.
रंधा आहे, गोल करवत आहे,
दिवाळीनंतर लेथ येईल.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "मिस्त्री कौन है?"
मी दोन्ही हात काउंटरवर ठेवले.
नखांत पॉलिश होतं, अंगठ्यावर पटाशीचा जुना व्रण.
ते काही बोलले नाहीत.
समोरचं बंडल सरकवून मागचं काढलं,
टोक सोललं, तार ब्लेडने खरवडून दाखवली.
आतही तांबंच.
"वो वाला ऊपर से तांबा है, अंदर एल्युमिनियम.
वो आपको नहीं दूँगा."
आणि मोजताना दर मीटरला
चार बोटं जास्त सोडत गेले.

पॉलिटेक्निकच्या भांडारात एकतीस वर्षं
मी वायर मोजून दिली.
रजिस्टरात लिहिली: इतके मीटर, इतके प्लग, परत आले, नाही आले.
वापरली कधीच नाही.
खिडकीतून मात्र देवस्थळे सरांचा वर्ग ऐकू यायचा,
दर जुलैत तोच, त्याच चढ्या आवाजात:
"हिरवी लांब ठेवा रे!
कुणी ओढलीच, तर तपकिरी आधी सुटली पाहिजे,
मग निळी.
हिरवी सगळ्यात शेवटी."
मुलं हसायची. मी पावती फाडायचे.

जेवणाच्या टेबलावर कालची रद्दी पसरली.
साल सोलताना दोन धागे तुटले,
तो तुकडा कापला, पुन्हा सोलला.
उघडे धागे पिळून घट्ट केले,
वातीसारखे नव्हे, त्याहून कडक.
तपकिरी उजवीकडे, निळी डावीकडे,
हिरवी वरच्या जाड पिनेला, बोटभर ढिली,
आत मुडपून बसवली.
पकडीचा स्क्रू आवळून
वायर ओढून पाहिली. मग आणखी जोरात.
नाही सुटली.

अच्युतनी लग्नापासून आजवर
घरातला एक फ्यूजही बदललेला नाही.
ते न सांगता उठले,
रबरी चपला घालून
जिन्याखाली मेन स्विचपाशी जाऊन उभे राहिले.
हात दांड्यावर.
"घालू?" मी ओरडले.
बराच वेळ काही नाही. मग, "घाल."

आधी बल्ब लावून पाहिला, लागला.
मग रंधा. पहिली सालपट
लांबलचक निघाली, पारदर्शक,
पायाशी पडून राहिली.
अर्धा तास झाल्यावर यंत्र बंद करून
वायरवरून तळहात फिरवत निघाले
शेडपासून टाकी, टाकीपासून पायरी,
दारावरून आत,
कुठे कोमट लागते का बघत.
कुठेच नाही. प्लगही थंड.

जिन्याखाली गेले तर ते अजून तसेच,
हात दांड्यावर.
तोही तपासला.
घामाने निथळत होता.

ओल्या हाताने खटक्याला हात लावू नये,
मी म्हटलं,
आणि पदराने पुसला.