तासाला वीस रुपये

बस स्टँडमागं मुजीबभाई पटवेगारांचं दुकान,
भिंतीला टेकलेल्या तीन सायकली.
मी मधली घेतली. तिला घंटी नव्हती.
"तोंड हाय ना," ते म्हणाले, "सरका म्हणायचं."

दिवाळीची चार दिवसांची रजा.
सगळी शाखा महाबळेश्वरला गेली,
मी परभणीहून पैठणला.
इथं एका मोठ्या राज्याची राजधानी होती
असं आम्हाला सहावीत होतं, एका परिच्छेदात.
गुरुजींनी त्याखाली रेघ मारायला लावलेली.

सायकल मी एक्केचाळिसाव्या वर्षी शिकले,
बँकेच्या पार्किंगमध्ये. शिपायानं सीट धरलेलं.
"सोडू नका उकंडे."
"सोडलंय मॅडम, मघाशीच."
चढ जमतो. उताराची भीती अजून गेली नाही.

राजधानी कुठंशी होती हो?
भज्यांचा घाणा काढत माणूस म्हणाला,
"सरळ जावा, टाकीपासून डावीकडं.
पण आज बंद असंल, मालकाकडं बारसं हाय."
गेले. राजधानी भोजनालय. शटर अर्धं खाली.
आत एक बाई कढई घासत होती.
तिनं सकाळची भाकरी दिली, वर ठेचा. पैसे घेईना.
म्हणजे राजधानीत जेवले
असं म्हणायला हरकत नाही.

पुढं गल्ल्याच गल्ल्या.
साडीच्या दुकानाचा पत्ता न विचारता सगळे सांगतात,
मी विचारते तो कुणालाच ठाऊक नाही.
शेवटी पोटऱ्यांना कळायला लागलं.
एवढ्या सपाट मुलखात, ऐन गोदाकाठी,
हा चढ आला कुठून?
पॅडल जिथं जड होतं तिथं खाली घर आहे,
घराखाली घर, चुलीखाली चूल,
कुणाच्या माजघरावर कुणाची न्हाणी.
गाव गावावरच बसलंय.
लोक राहिले, भिंती पडल्या,
माती सारखी करून पुन्हा तिथंच राहिले.
मला धाप लागली ती त्याची.

माथ्यावर चेन उतरली.
एक पोरगी आली. नाव बिट्टी, खरं नाव शाळेत.
काडीनं चेन चढवली, बोटाला वंगण न लागू देता.
मग मूठ उघडून दोन मणी दाखवले,
एक गारेचा, एक प्लास्टिकचा.
"दोन्ही हितंच घावले. पाऊस झाला की वर येतात."
यातला चांगला कोणता गं?
"प्लास्टिकचा. त्याच्यातून दोरा जातो."

आणि मग उतार, घाटाकडं, सरळ खाली.
दोन्ही ब्रेक आवळले तरी सायकल निघालीच.
बाजूच्या कापलेल्या दरडीत थर:
तांबडा, राखेचा, पुन्हा तांबडा,
मध्येच विटांची एक ओळ, दात दिसावेत तशी.
मोजायचे होते मला. थांबताच येईना.
"सरका!" मी ओरडत होते, "सरका, सरका!"
एक म्हैस सरकली.
एक गृहस्थ पेपरसकट सरकले.
विटा, राख, भिंती, सगळं वर सरकत गेलं
आणि समोर नदी आली,
धरणानं सोडली होती तेवढी.
तिच्यात एक जण मोटारसायकल धूत होता.

पाय टेकले. हसू आवरेना.
उकंडेंना फोन लावला. उतरले, म्हटलं.
"कुठून मॅडम?"
सांगता आलं नाही.

परत येताना मागचं चाक बसलं.
ढकलत आणली, दोन जागी विसावा घेऊन.
मुजीबभाईंनी टायर उलटं केलं, चिमट्यानं ओढलं:
पांढरा तुकडा, बांगडीचा असावा,
शंखाची म्हणा, नाहीतर कालच्या बाजारातली.
"काट्यापेक्षा याचीच पंक्चरं जास्त आमच्याकडं."
जुना आहे का, मी विचारलं.
"टायरला काय त्याचं?"
आणि तो डालड्याच्या डब्यात टाकला.
वाजला. म्हणजे आत आणखी होते.

रात्री लॉजवर हिशेबाची वही काढली.
सायकल, साडेतीन तास: सत्तर.
पंक्चर: चाळीस.
जेवण या शब्दापुढं
रकाना तसाच ठेवलाय.