मल-सुनचा उजवा गुडघा

मासानच्या बंदरामागच्या गल्लीत
बायकांच्या हमामखान्यात
एकतीस वर्षं ती परक्या पाठी घासतेय.
हिरवं खरखरीत फडकं पंजाला गुंडाळायचं,
मळाच्या राखाडी वळ्या काढायच्या,
पाठीवर एक चापट. म्हणजे, वळा.

नाव मल-सुन.
मल म्हणजे तिकडे शेवट.
पाचवी मुलगी झाली तेव्हा बापानं ठेवलं,
पुरे आता, या अर्थानं.
आमच्या भाषेत मल म्हणजे काय
हे मी, तिची हजारो पाठींतली एक पाठ,
पालथ्यानं सांगितलं तेव्हा
ती खोकला लागेस्तोवर हसली.
"मग बरोबर धंद्यात पडले की!"

गिऱ्हाइकं गेली की फरशी.
ती मात्र गुडघ्यांवर.
आपण हरलो की म्हणतो, गुडघे टेकले.
तिनं गुडघे टेकून दोन मुली शिकवल्या,
नवऱ्याची दारूची उधारी फेडली,
आणि घराला पत्रा जाऊन स्लॅब आला.
उजवा आधी गेला.

बुसानच्या डॉक्टर छे यांनी पडद्यावर दाखवलं:
हाडाच्या टोकावरची कूर्चा.
शहाळ्यातल्या मलईसारखी हवी,
तिथं नाण्याएवढा खड्डा.
कूर्चेत रक्त फिरत नाही, नस नाही.
म्हणून झिजताना ती ओरडत नाही
आणि मोडली की आपली आपण भरत नाही.
"थोरल्या बहिणीसारखी," मल-सुन म्हणाली.
डॉक्टरांनी हे टिपून घेतलं नाही.

उपाय होता एक.
कोणा नवजात बाळाच्या नाळेतलं रक्त,
त्यातल्या मूळपेशी,
हाड व्हायचं, चरबी व्हायचं, की कूर्चा
हे अजून न ठरवलेल्या.
थंड डब्यातून येतात.
डब्यावर तारीख असते, नाव नसतं.

बाळ कुणाचं?
सांगता येत नाही.
मुलगा की मुलगी?
सांगता येत नाही.
चालायला लागलंय का?
डॉक्टरांनी चष्मा पुसला.

हाडात बारीक भोकं पाडून
खळीसारखा लगदा भरला.
शुद्धीवर येताच तिनं मागितलं
समुद्रातल्या शेवाळाचं सूप,
तिकडे बाळंतिणीला देतात ते.
धाकटी म्हणाली, आई, तुला काय झालंय?
"कळेल. अजून रडलं नाहीये."

बारा आठवडे कुबड्या.
मग अंगठा टेकायचा. मग चवडा.
मग वजनकाट्यावर पाय दाबून
दहा किलो, वीस किलो,
जणू स्वतःलाच भाजीसारखं तोलायचं.
मोठी म्हणाली, वाचलंय मी,
त्या पेशी तिथं फार दिवस राहत नाहीत म्हणे.
येतात, तुझ्याच पेशींना काहीतरी सांगतात,
आणि संपतात.
"काय सांगतात?"
ते अजून नीट कुणाला कळलेलं नाही.

यावर तिचे कितीतरी दिवस गेले.
तिची स्वतःची नाळ जाळली होती
कोंड्याच्या शेकोटीत, न बोलता.
आणि इथं कोणा बाईनं
कळा ओसरायच्या आधी
एका कागदावर सही केली असेल,
फेकायचीच तर होती म्हणून.

वर्षानं दुर्बिणीतून पाहिलं.
पांढरा थर आलाय.
एका कडेला अजून खडबडीत.
जिना चढताना ठीक, उतरताना कठडा.
गुडघ्यांवर बसणं बंद; फरशीला आता
लांब दांड्याचा ब्रश.

रविवारी आया पोरं घेऊन येतात.
ती प्रत्येकाकडे जरा जास्तच बघते.
परवा एक पोर ओल्या फरशीवर धावलं, घसरलं,
दोन्ही गुडघ्यांवर आपटलं
आणि रडावं की नाही हे ठरवत
इकडं तिकडं बघू लागलं.
मल-सुनला वाकता येईना.
तिनं नुसता पाय पुढं केला.
पोर तिचा उजवा गुडघा धरून
हळूहळू उभं राहिलं.

ती हलली नाही.
नळाखालची बादली भरून
कधीची वाहत होती.