हात हलवत

कानशीच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं
पोलादाला दात पाडून पाडून
एलोई रोशाच्या बोटांवर ठसेच उरले नव्हते.
पासपोर्टाच्या कचेरीत दोनदा
कोरा अंगठा उमटला.
त्याच बोटांनी तो माशी बांधायचा
स्वयंपाकघरातल्या टेबलाशी,
बाहेर ज्यूराचा बर्फ पन्हळीतून ठिबकत असताना.

साहित्य फार नाही.
सोळा नंबरचा गळ, तांदळाच्या दाण्याहून जरासा मोठा.
पिवळा रेशमी धागा, मेणातून ओढलेला.
आणि बदकाच्या शेपटीच्या मुळाशी
तेलाची कुपी असते, तिच्याभोवतीची पिसं,
राखाडी, चिमूटभर,
शिंक आली तर सगळी छताला.
ती आणायला शेजारची मी,
नऊ वर्षांची, खाटीकणीच्या दुकानात.
"मांस नको म्हणावं. नुसता बुडखा."
ती हसायची, वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायची.

पिसाचे तीन वेढे, धाग्याचे पाच.
"सहावा आपल्या समाधानासाठी असतो,
माशाला त्याचं काय?"
घड्याळजीचं भिंग डोळ्यात खोचून
तो असं बोलायचा, माझ्याकडे न बघता.

सप्टेंबरात ओर्बचं पाणी उतरतं.
ट्राउट काठाच्या मुळांखाली, आडदांड,
आला तर आला, पाणी फोडून.
पण एलोई बघायचा तळाकडे.
तिथे रेतीवर रेतीच्याच रंगाची
ती, जिला आमच्याकडे ओंब्र म्हणतात.
म्हणजे सावली.
माशी डोक्यावरून पुढे जाऊ देते,
मग उठते, उलटी, प्रवाहाबरोबर मागे सरकत,
पाठीवरचं शीड अर्धं उघडून,
बुबुळ नासपतीसारखं निमुळतं,
नाकाशी नाक लावून बघते
आणि नको म्हणते.
पुन्हा तळाला. पुन्हा रेती.

"कुठे माशी शिंकली?" मी विचारायची.
"दोरात. केसभर ओढला गेला.
खरी माशी पाण्याशी भांडत नाही."

पहिली ओंब्र माझ्या ओल्या हातात दिली तेव्हा
म्हणाला, वास घे.
मी नाक मुरडून वाकले
तर चिखल नाही, शेवाळ नाही,
कुणी नुकताच कुटलेला ओवा.
मी हात सैल केला की तिने सोडवून घेतला
ते अजून ठरलेलं नाही.

मग त्याचे हात थरथरू लागले.
आधी कपाची बशी वाजायची, मग धागा तुटायचा.
माश्या मी बांधू लागले, वाकड्या,
पंख एकीकडे कललेले, सहावा वेढा हमखास.
तो भिंगातून बघायचा आणि काहीच म्हणायचा नाही,
ते जास्त लागायचं.
रोज संध्याकाळी तरीही काठी घेऊन पुलाखाली.
क्लेलिया दारातून साऱ्या गल्लीला ऐकवायची:
"हात हलवत गेला, हात हलवत आला!"
तोही हसायचा. दोन्ही अर्थांनी खरंच होतं.
मी धरून चाललेले की त्याचा झटका उशिरा पडतो,
मासा तोवर थुंकून जातो.

नोव्हेंबरात, नदी बंद झाल्यावर,
क्लेलियाने कात्री शोधायला खण उपसायला लावला.
खोकल्याच्या गोळ्यांचा पत्र्याचा डबा.
आत सदतीस माश्या. माझ्याही, कललेल्या,
पिसं चावून चावून विस्कटलेली.
एकीलाही गळ नाही.
वाक जिथून सुरू होतो तिथेच तोडलेला
आणि तोडलेलं टोक कानशीने घासलेलं,
इतकं की गालावर फिरवून पाहिलं, लागलं नाही.
हे त्या हातांनी कधी केलं असेल?
झाकणाच्या आत पेन्सिलीच्या रेघा, पाचापाचाच्या,
थरथरत्या.
ट्राउट चाळीस. ओंब्र एकशे बारा.
खाली एकटी रेघ: दिसलं नाही, पण कुणीतरी आलं होतं.

तो खिडकीशी खुर्चीत झोपलेला.
मांडीवर हात चालूच.

"सापडली का?" आतून क्लेलिया.
मी डबा होता तसा ठेवला.
"नाही," म्हटलं, "इथे नाहीये."