शिळं पाणी

पाच दिवसांनी येतं आमच्याकडं,
तेही रात्री दोनला, विडी घरकुलात.
नळ आधी खोकतो, मग हवा ओकतो,
मग हंडे, पिंप, बादल्या, वेळ पडली तर कुकरसुद्धा.
उरलेलं जुनं मी अंगणात ओतते.
ताजं आल्यावर शिळं कोण ठेवतं?

त्या रात्री गाजरालाही ताजं दिलं, काठोकाठ.
गाजर म्हणजे मासा.
श्रीकांतनं आणला, नाव ठेवलं, आणि पुण्याला कंपनीत गेला.
काचेची पेटी, खाद्याची डबी माझ्या गळ्यात.

सकाळी तो येड्यावानी करायला लागला.
खड्यांना कूस घासायचा,
म्हैस खांबाला घासते तशी,
मग एकदम सुसाट, काचेवर थोबाड,
मग वर येऊन तोंड उघडं टाकून
नुसता लटकलेला.

नरसूअक्का म्हणाली, दृष्ट. मीठमोहऱ्या उतरव.
श्रीकांत म्हणाला, व्हिडिओ पाठव.
पाठवला.
खाली दोन निळ्या खुणा उमटल्या. तेवढंच.

मी सूप मांडीवर घेऊन समोर बसले.
दुसरं काही येत नाही, मोजता येतं:
पंचवीसचा कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार,
तीस वर्षं.
एक विडी वळून होईस्तोवर
त्याचे कल्ले पन्नास वेळा उघडले.
आधी किती उघडायचे?
आधी मोजलंच नव्हतं कधी.

विजापूर वेशीत इलियासचं दुकान.
दवाखान्यात विचारतात तसं त्यानं विचारलं.
पाणी कधी बदललं? सगळंच? थेट नळाचं?
म्हणाला, काकू, त्यात औषध असतंय.
आपल्याला चालतं. त्याचे कल्ले भाजतात.
मग माझ्या हाताकडं बघून, जरा थांबून,
खाद्य ह्याच बोटांनी टाकता?

बोटं मी पदराखाली घेतली.
नखांत तंबाखू. ती धुऊन जात नाही,
साबण संपतो.
ह्याच बोटांनी भाकऱ्या थापल्या,
श्रीकांतला कालवून भरवलं,
आणि तो लहानपणी रात्र रात्र खोकायचा
तेव्हा सगळे म्हणायचे, सोलापूरची धूळ.

इलियासनं बाटली देऊ केली. परवडेना.
मग फुकटातलं सांगितलं.
दोन दिवस उपास. एक चमचा खडेमीठ, विरघळवून.
पाणी तिसरा हिस्साच काढायचं,
आणि भरायचं ते शिळं,
एक दिवस उघडं ठेवलेलं.

शिळं कुठून आणू? सगळं ओतून बसलेले.
अक्काच्या पिंपात तळाला होतं,
तिला आळस म्हणून राहिलेलं.
दोन तांबे मागून आणले, मासा आजारी म्हणून.
ती हसली, पण दिले.

मे महिना, त्रेचाळीस, वीज गेलेली, पंप बंद.
तांब्यानं पाणी काढायचं, वरून बारीक धार सोडायची,
म्हणजे आत हवा जाते.
खांदा भरून आला.
त्या दिवशी सातशेच विड्या झाल्या,
कारखान्यात मुनीम बोलला.

तिसऱ्या दिवशी घासणं थांबलं.
पाण्यानं, मिठानं, उपासानं
की मी चमच्यानं खाद्य टाकायला लागले म्हणून,
कशानं, ते नाही सांगता येत.
शेपटीचं एक टोक झडलं ते झडलंच.
अक्का मोहऱ्यांचं म्हणते. म्हणू दे.

आता पाणी आलं तरी
एक बादली मागची ठेवते, झाकण न घालता.
आंघोळीला तेवढं कमी.

काल श्रीकांतचा मेसेज आला. कसा आहे?
कोण, ते लिहिलं नव्हतं.
मी एक विडी वळली, मोजलं,
आणि लिहिलं, तीस.