खिशात ठेवू नये

वादळानंतरच्या सकाळी स्काइद्रीते
माझं दार तीनदा ठोकते.
हातात पत्र्याचा डबा, माझ्या पायांत येफिमचे रबरी बूट,
आम्ही दोघी कारोस्ताच्या किनाऱ्यावर उतरतो
समुद्रानं रात्री काय काय ओकलंय ते बघायला.

तृणमणी आणि फॉस्फरस ओले असताना सारखेच दिसतात.
तोच मधाचा रंग, तेच नखाएवढं वजन.
फरक इतकाच की तृणमणी खिशात निजून राहतो
आणि फॉस्फरस वाळला की पेट घेतो.
आमच्या आरमारानं बुडवलेलं काहीबाही
अजून वर येतंय.
म्हणून इथल्या पोरांना मुळाक्षरांच्या आधी शिकवतात :
सापडलेलं खिशात ठेवू नये.

झारनं हे बंदर वाळूवर आखलं.
किल्ले बांधले, तोफा समुद्रावर रोखल्या,
मग शत्रू यायच्या आत
आपल्याच सुरुंगांनी किल्ले उडवले.
निम्मेच उडाले.
उरलेले समुद्र शंभर वर्षं चघळतोय.
घाई नाही त्याला.

मी आले तेव्हा
पाकिटावर पत्त्याऐवजी आकडा लिहायचा.
नाविकांच्या निळ्या कॉलरींवर
मी तीन तीन पांढऱ्या रेघा शिवायची,
दिवसाला चाळीस कॉलरी.
चर्चमध्ये वेदीच्या जागी पडदा होता,
तिथं सिनेमा बघताना शेजारी एकजण घोरत होता.
तोच येफिम.

कालव्यापलीकडे, लियेपायात, स्काइद्रीते होती.
तिची आई अलीकडे पुरलेली.
कबरीपर्यंत यायला पास लागायचा.
तो तिला कधीच मिळाला नाही.
एकदाच तिनं विचारलं, "तू तेव्हा काय करत होतीस?"
"रेघा शिवत होते," म्हटलं.
मग बराच वेळ दोघींनी वाळूच बघितली.

चौऱ्याण्णव साली शेवटचे गेले.
त्यांच्यामागून भिंतीतले नळ गेले, तारा गेल्या,
खिडक्यांच्या चौकटी, शेवटी जिन्याचा कठडासुद्धा.
आमच्या इमारतीत साठ घरं.
रात्री अंगणातून मोजते :
नऊ खिडक्यांत दिवा. परवा आठ.
येफिमही गेला, पण तो इथंच, पाइनच्या झाडांखाली.
माझ्या जांभळ्या पासपोर्टवर लिहिलंय, मी इथली नागरिक नाही.
कुठली, ते लिहिलेलं नाही.

आणि तुरुंगाला आता तिकीट आहे.
कोटाचं एक बटण उघडं राहिलं म्हणून
येफिमनं तिथं तीन रात्री काढल्या होत्या, फुकट.
आता दूरदूरची माणसं पैसे मोजून फळीवर झोपतात,
आणि आमचा नातू रोदिऑन
जुना गणवेश चढवून त्यांच्या अंगावर ओरडतो.
हुकूम मीच शिकवले त्याला,
स्वयंपाकघरात, बटाटे सोलता सोलता.
"अजून जोरात," मी म्हणायची,
"तुझ्या आजोबाला ऐकू जाईल असं."
उन्हाळा संपला की तो आयर्लंडला जातो, अळंबी तोडायला.
तिथं कुणावर ओरडत नाही म्हणे.

पूल अजून फिरतो.
जहाज आलं की कालव्यावरून बाजूला होतो,
आणि दोन्ही काठांवर
सायकली, दुधाची गाडी, शाळेची पोरं
मुकाट उभी राहतात.
पास कुणी मागत नाही.
स्काइद्रीते मात्र पुलावर आली की
अजूनही पर्स उघडून आत हात घालते.

आज एकच खडा सापडला.
तिनं तो चिमट्यानं उचलला, उजेडात धरला,
काही न बोलता माझ्या डब्यात टाकला.
डबा मी खिडकीबाहेर ठेवलाय, सिमेंटच्या पट्टीवर,
पडद्यापासून लांब.

संध्याकाळी ती खालूनच हाक मारते :
"पेटलं का गं?"
"नाही अजून," मी वरून सांगते.
"ये, चहा टाकलाय."