बादली

रात्री विस्तव मालवायचा नाही, आई सांगायची.
झाकायचा.
निखारे तीन ढिगांत सारायचे,
मधे पीटच्या विटेचे तुकडे, वरून राख,
आणि संत ब्रिजिडला म्हणायचं: बाई, आता तू बस जागी,
आम्हाला पहाटे गाई आहेत.

त्र्याहत्तर साली मी सबीनाला घरी आणलं
तेव्हा नवी चूल थंडगार होती,
धुराड्यात कावळ्याचं घरटं.
फेस्टस दगडी बांध ओलांडून आला,
पत्र्याच्या बादलीत स्वतःच्या चुलीतला विस्तव घेऊन,
समुद्रवाऱ्याला पाठ देत, तिरका तिरका, खेकड्यासारखा.
ओतला. म्हणाला, "बादली उद्या दे."

दिली नाही.
आधी विसरलो. मग कोंबड्यांचं खाणं तिच्यात जाऊ लागलं.
मग ती गोष्ट इतकी मुरली
की बादली परत करणं म्हणजे भांडण काढणं झालं असतं.

दर शनिवारी यायचा.
चुलीच्या त्या बाजूला, टोपी गुडघ्यावर.
"सील वर आलेत खडकावर."
"आलेत खरे."
मग तासभर काही नाही.
सबीना म्हणायची, माणसं बसलीत की नुसत्या खुर्च्या?

नवा पाद्री एकदा प्रवचनात म्हणाला,
आपल्या जुन्या लोकांकडे एक शब्द होता, आनम कारा,
जिवाचा सखा.
त्याच्यापुढे माणूस आतलं सगळं उघडं करतो.
परतताना फेस्टस पाऊण मैल गप्प.
मग फाटकापाशी थांबून:
"जिवाचं मला ठाऊक नाही, कोलमन. बादली कुठाय?"

उघडं असं मी काय केलं त्याच्यापुढे?
आमचं पोर दोन दिवसांचं होऊन गेलं त्या हिवाळ्यात
मला विस्तव झाकता येईना.
राख फावड्यात घेतली की हात
तिथेच थांबायचा.
त्याला हे कुणी सांगितलं, माहीत नाही. मी नाही.
शनिवार नसताना आला, दुसऱ्या रात्रीही आला.
गुडघे टेकून त्याने निखारे सारले, राख पसरली,
अगदी हलकी, जशी कुणावर शाल घालावी,
आणि दार ओढून घेऊन गेला.
एकोणीस रात्री.
आम्ही त्यावर कधी बोललो नाही.
पण तेव्हापासून माझ्या आत, अगदी खाली,
जिथे मी स्वतःही क्वचित जातो,
कुणीतरी टोपी काढून ओणवं बसलेलं असतं.

आता तो गॉलवेच्या वृद्धाश्रमात असतो.
रेडिएटर. खिडकीतून गाड्यांचा तळ.
मला "साहेब" म्हणतो.

मंगळवारी कोटाच्या खिशातून पीटची वीट नेली,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
नर्स म्हणाली, इथे जाळायचं नाही हं काही.
त्याने ती दोन्ही हातांनी नाकाशी धरली.
बराच वेळ. हनुवटीवर तपकिरी चुरा.
मग, माझ्याकडे न बघता:
"काल रात्री कुणी झाकला?"

"तूच," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, काम नीट झालंय तसं.
मी थांबलो. आता विचारेल.
नाही विचारलं.
बसची वेळ झाली तरी थांबलो.

घरी येऊन बादली घासली, वाळूने, आतून बाहेरून.
तळ विरलाय, उजेडाला धरली तर
चांदण्यांसारखी भोकं दिसतात.
चुलीच्या त्या बाजूला ठेवली आहे.
कोंबड्यांना आता परातीत घालतो.