बेरीज

चाळीस वर्षं ओलोमोउत्सची ट्राम चालवलेले
बोहुमीर स्कोपाल पिल्लू बघायला आले,
खिशात मोजायची टेप.
"तिसरा मजला. लिफ्ट नाही.
कडेवर मावेल एवढंच द्या."

मी नेहमीचं सांगितलं:
क्रिसारिक म्हणजे दोन किलोचा जीव,
सोफ्यावरून उडी मारली तरी पाय मोडतो, काडीसारखा.
पट्टा छातीला बांधा, गळ्याला नको.
दात रोज घासा.
जानेवारीत स्वेटर; रुसेल, तरी घाला.

ते पावतीच्या पाठीवर लिहून घेत होते.
मग मी वय विचारलं.
"कुणाचं? माझं? त्र्याहत्तर."
पिल्लू पंधरा वर्षं जगतं, मी म्हटलं,
आणि पुढची बेरीज
दोघांनीही मनातल्या मनात केली.

टेप खिशात गेली.
पेनही.

हीटरखालची झोफ्का उठली,
नऊ वर्षांची, चार वेळा व्यालेली,
पुढचे दात केव्हाच गेलेले.
आळस दिला, चालत आली,
आणि त्यांच्या बुटाच्या नाडीवर हनुवटी टेकून
पुन्हा झोपली.

बराच वेळ त्यांनी पाय हलवला नाही.
"हिला किती?"
पैसे विचारले की वर्षं, मला कळलं नाही.
मी म्हटलं,
हिचे दात घासायला वेळ कमी लागतो.